सहाव्या कपासाठी स्टोकला

कारखान्यानं मला तीन महिने इंग्लंडला धाडायचं ठरवलं, तेव्हा माझी बायको सुशीला अजून होती. उसाच्या चरकाची नवी यंत्रं डर्बीत तयार होत होती आणि त्यांची जोडणी शिकायला कोणीतरी जायला हवं होतं. ऐकून ती एवढंच म्हणाली, "तितं कपबश्या करत्यात म्हणं. येताना आपला सहावा कप आणा की."

आमच्याकडं सहा कपबशा होत्या, तिच्या माहेराहून आलेल्या. निळी फुलं, कडेला सोनेरी रेघ. मामलेदार किंवा कारखान्याचे साहेब आले तरच त्या कपाटातून निघत. आम्ही घरची माणसं जर्मनच्या वाटीतून चहा घेत असू. एकदा धुताना तिच्या हातून एक कप फुटला. दोन दिवस तिनं मला सांगितलंच नाही. बशी मात्र जपून ठेवली.

माझा पासपोर्ट यायच्या आत विषमज्वरानं ती गेली. मग मला जावंसं वाटेना. आई म्हणाली, "जा तू. हितं भिंतीकडं बघत बसून काय हुणार हाय? तिनं सांगितलेलं तेवढं तरी कर." ती बशी सुशीलाच्या खणाच्या चोळीत गुंडाळून ट्रंकेत ठेवली आणि आमच्या अंथुर्णे गावाहून निघालो.

बारामतीहून छोट्या गाडीनं दौंड, तिथून मुंबई आणि पुढं जवळजवळ तीन आठवडे बोट. जाणाऱ्यानं लिंबाचं लोणचं जवळ ठेवावं, पहिले चार दिवस तेवढंच पोटात राहतं. लोकरीचा स्वेटरही घ्यावा. तिकडचा उन्हाळा आपल्या दिवाळीच्या पहाटेसारखा असतो.

डर्बीत दिवस कामात जात. कोणाशी फारसं बोलणं होत नसे. परतीच्या आदल्या आठवड्यात बशीखालचा शिक्का एका मिस्त्र्याला दाखवला. तो म्हणाला, "हे स्टोकचं. आगगाडीनं तासाभराच्या वाटेवर. शनिवारी जाऊन या." गुरुवारी माझी बोट होती. म्हणजे तो एकच शनिवार हाताशी होता.

स्टोक म्हणजे सहा गावं मिळून झालेलं एक शहर. जमिनीखाली कोळसा आणि चिकणमाती, म्हणून दोनशे वर्षांपूर्वीपासून तिथं भांड्यांचे कारखाने. घरांच्या मधूनच बाटलीच्या आकाराच्या विटांच्या भट्ट्या वर आलेल्या. तिथं भर दिवसा दिवे लावावे लागतात इतका धूर असतो, असं ऐकलं होतं. मी उतरलो तेव्हा आकाश स्वच्छ निळं होतं. एकाही भट्टीतून धूर निघत नव्हता.

शिक्क्यावरचा कारखाना सापडला, पण फाटकाला कुलूप. आतून पहारेकरी म्हणाला, "सगळे समुद्रावर गेलेत. वार्षिक सुट्टी. पुढच्या आठवड्यात या."

"मी पुढच्या आठवड्यात बोटीवर असेन."

"मग आकाश तरी बघून घ्या. आम्हालाही ते एरवी दिसत नाही."

तेव्हा कोणी जाणार असेल तर ऑगस्टमधली ही सुट्टी आधी विचारून घ्यावी. मी विचारली नव्हती.

काही सुचेना म्हणून कालव्याकाठानं चालत राहिलो. आपल्याकडं कालवा म्हणजे उसाचं पाणी. तिथं तो कपबशांसाठी खणला. खडबडीत रस्त्यावर गाडीत भांडी फुटत, पाण्यावरून सुखरूप जात. बंद वखारींच्या रांगा बघत एका लहानशा चहाच्या दुकानाशी आलो. आत साठीची बाई एकटीच होती.

"बस, बदका. काय देऊ?" तिकडं आल्यागेल्याला प्रेमानं बदक म्हणतात, हे डर्बीतच कळलं होतं. तिनं ओटच्या पिठाची धिरडी आणि चीज दिलं. अगदी आपल्या धिरड्यासारखं, मीठ मात्र कमी. दोन खाल्ली की दुपार निघते, पैसेही फार पडत नाहीत.

मी बशी काढून टेबलावर ठेवली. तिनं फुलं पाहिलीच नाहीत, आधी शिक्का बघायला बशी उलटी केली.

"इथली खोड आहे," ती हसली. "माझ्या नवऱ्यानं तर लग्नाच्या जेवणात भरलेली कपबशी चहासकट पालथी केली होती. सासऱ्याच्या मांडीवर."

शिक्क्याशेजारी निळा ठिपका आणि रेघ होती. ती रंगवणारीची खूण. ही बाई स्वतः तीस वर्षं त्याच कारखान्यात फुलं रंगवायला होती. "पण हा नमुना बंद झालाय. कारखाना उघडा असता तरी तुला मिळाला नसता. कोणासाठी हवा होता?"

"बायकोसाठी."

"तिला यातला चहा आवडतो?"

"यातून तिनं कधी घेतला नाही. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या."

"आम्हीही नाही. युद्धानंतर कितीतरी वर्षं रंगीत माल सगळा बोटीनं परदेशी विकायला जायचा. आमच्या घरी पांढरे कप, तेही वाकडे निघालेले. आता तरी घेऊ दे तिला."

"ती नाही. चार महिने झाले."

तीन महिन्यांत हे मी तिथं कोणाला सांगितलं नव्हतं. ती उठली. फळीवरचा तिचा स्वतःचा पांढरा कप घेतला, आमच्या बशीवर ठेवला. काठ थोडा वाकडा होता, पण बूड बशीच्या खळग्यात नीट बसलं. तिनं त्यात चहा ओतला आणि मी पीत असताना समोर बसून राहिली. नंतर कप धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी मीच चहा ठेवला आणि कपाट उघडलं.

"कोण यायचं हाय?" आईनं विचारलं.

"कोणी नाही."

"मग ह्या कशाला? पावण्यांच्या हायत त्या."

"बस. तूच घे."

तिनं चहा बशीत ओतला. बशी दोन्ही हातांत धरून बराच वेळ फुलं बघत राहिली.

"सुशीनं येकदाबी ह्यातनं घेतला न्हाय," ती म्हणाली. "मीबी कधी म्हणले न्हाय तिला, घे म्हणून."

"मीही नाही," मी म्हणालो.

त्या भट्ट्या आता फारशा आठवत नाहीत. बशी उलटी करायची खोड मात्र मला लागली आहे. सगळे कप आता चुलीशेजारच्या फळीवर असतात. पांढरा माझा. गेल्या आठवड्यात आईच्या हातून एका निळ्या कपाचा कान तुटला. तिनं ते त्याच क्षणी, चुलीपाशी बसूनच, मला मोठ्यानं ओरडून सांगितलं.