आमच्या जलशाला नांदी नाही

"आधी गणपतीचं म्हणा. नांदीशिवाय नाटक कसं सुरू होणार?" माझे मार्गदर्शक प्राध्यापक हसले. टेबलाभोवतीचे दोघे प्राध्यापकही हसले. बाबा ढोलकी घेऊन दाराजवळ उभे होते. तीन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्यांना बसा असं कुणी म्हटलं नाही.

मी नागपुरात संगीत रंगभूमीवर पीएच.डी. करत होते. संगीत नाटक आणि त्यामागचं राजकारण, हा विषय मीच मागून घेतलेला. त्यात एक प्रकरण आमच्या जलशाचं. बाबा कामठीत दिवसभर कापडाचा लूम चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी वस्त्यांमधून जलसे करायचे. गाणी, सोंगं, सवालजवाब. आमच्या लोकांना हक्क म्हणजे काय ते त्यातूनच कळलं. सर म्हणाले होते, "वडिलांना आणा, नमुना ऐकू." नमुना! आणि मी मूर्ख, हरखून बाबांना घेऊन गेले.

बाबा शांतपणे म्हणाले, "धर्म बदलला तवापासून आमी देवाचा गण सोडला, साहेब. समोर बसले त्या माणसाइले जयभीम करतो अन् सुरू करतो."

"मग हे नाटक नव्हे, प्रचार झाला," सर म्हणाले.

बाबांच्या जेमतेम दोन ओळी गाऊन झाल्या. सरांनी हात वर केला. मला म्हणाले, "हे प्रकरण काढा. परिशिष्टात दोन पानं द्या, लोकरंजन म्हणून."

मी मान हलवली. "हो सर," म्हणाले. बाबांदेखत. अजूनही आठवलं की अंगाची लाहीलाही होते.

कामठीच्या बसची वाट बघताना बाबा एवढंच म्हणाले, "तू काहून मान हालवली वं? त्याइले नाही समजत, जाऊ दे. तुले तं समजते ना?"

आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. संस्थानिकांच्या पैशावर उभी राहिलेली नाटकं म्हणजे शुद्ध कला, आणि लूमवर राबणाऱ्यांचा जलसा म्हणजे प्रचार! राजकारण त्या खोलीतच बसलं होतं आणि मी ते ग्रंथालयात शोधत होते.

सोमवारी प्रबंध सरांपुढे ठेवला. जलशाचं प्रकरण आता पहिलं होतं.

"यावर माझी सही मिळणार नाही."

मी कागद उचलले. म्हणाले, "दुसरा मार्गदर्शक शोधीन. नाहीच मिळाला तर पदवीवाचून मरेन. पण यातलं एक पान कमी करणार नाही."