लाल निशाण, हिरवं निशाण

लढाईच्या दिवसांत लोणंदच्या फाटकावर एक गेटमन होता. त्यानं आपल्या खोलीमागं भुईमूग लावला होता आणि रेल्वे चाळीतल्या पोरांना एकेक वेल नेमून दिला होता. काढणीआधी कुणी वेलाला हात लावला, की खोलीतून लाल निशाण बाहेर यायचं. "थांब रं! लाइन किलेर न्हाई!"

माझी लेक सुमी त्या पोरांतच होती, पण तिला दम कुठला? शेंगा धरल्या का बघायला ती रोज चोरून वेल उपटायची आणि परत खोचून ठेवायची. काढणीच्या आदल्या दिवशी वेलानं मान टाकली. ती रडायला लागली.

"पानी घालतो, सकाळपतुर उठतंय बग," गेटमन म्हणाला.

सकाळी मी ड्यूटीवर निघालो, तर हा उकिडवा बसून आपल्या ओळीतला शेंगांनी भरलेला वेल सुमीच्या जागी लावत होता. मला बघून त्यानं मुकाट्यानं लाल निशाण वर केलं. मी काय ते समजलो.

दुपारी हिरवं निशाण हललं आणि पोरं तुटून पडली. दोन्ही हातांनी ओढून ओढून एकेक जण पाठीवर पडत होता. सुमीचा वेल मात्र चिमटीसरशी वर आला.

"आयला, जोर लय हाय की गं तुज्या हातात!" गेटमन ओरडला.

सुमी आता दोन लेकरांची आई आहे. आपल्या हातातल्या जोराची ही गोष्ट ती त्यांना ऐटीत सांगते.

मी अजून लाल निशाणापाशी थांबलोय.