भर अभ्यासिकेत दिलेली ओ

भोरच्या वाचनालयात वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. तिथून मला एका 'ओ'मुळे बाहेर काढलं, हे आज कुणाला सांगितलं की हसतात. तेव्हा मला मात्र हसू आलं नव्हतं. तलाठ्याच्या परीक्षेला दोन महिने उरले होते, वय बघता ती माझी शेवटची संधी होती, आणि भाड्याच्या खोलीत आम्ही चौघी. टीव्ही बंद असेल तेव्हा मिक्सर चालू. खिडकीजवळची ती खुर्ची गेली की अभ्यास गेला, इतकं साधं होतं.

माझा आवाज मोठा आहे. आमची वाडी मार्गासनीच्या वर डोंगरात, चार घरांची. घर एका उतारावर, मेंढरं समोरच्या. तिथं कुणी हाक मारली की हातातलं टाकून आधी ओ द्यायची. ओ आली नाही तर माणूस कड्यावरून पडला नाहीतर साप चावला, असं समजून सगळे धावत सुटतात.

अभ्यासिकेतली शांतता तरी कुठं एवढी सोवळी होती? मागच्या बाकावरची मुलं मोबाईलवर रील बघून तोंड दाबून हसायची. खाली पेपर वाचायला येणारी मंडळी रोज सकाळी सरकार पाडून पुन्हा बसवायची, तेही तारस्वरात. त्यांना कुणी काही म्हणत नसे. मी जरा पुटपुटत पाठ केलं की मात्र सगळ्या माना माझ्याकडे. असा राग यायचा! पण ग्रंथपाल मॅडमनी दोनदा समज दिली होती, आणि तिसऱ्या वेळी पास काढून घेईन असं बजावलं होतं.

तिसरी वेळ आबांमुळे आली. आबा म्हणजे माझे वडील. वाडीत रेंज नाही, घरामागच्या टेपाडावर चढलं तर मिळते. ते रोज दुपारी एकला फोन करायचे, तेव्हा मी जेवायला बाहेर असायची. त्या दिवशी मेंढी व्याली, दोन कोकरं झाली, आणि आबांना दम निघाला नाही. अकरालाच फोन थरथरला. मी उचलून दाराकडे निघाले, तोच कानात हाक आली, "पोरीऽऽ!" आणि मला काही कळायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "ओऽऽऽ!"

खालचं सरकारसुद्धा क्षणभर थांबलं.

पास गेला. मी हुज्जत घालून बघितली, उपयोग झाला नाही. पण घरी गेले नाही. दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या बाहेरच्या पायऱ्यांवर पुस्तकं मांडून बसले. ऊन सरकेल तशी मीही सरकायची. मॅडम येता-जाता बघायच्या, मी मान वर करायची नाही. आबांचा फोन आला तेव्हा मी चिडून म्हणाले, "आता कधीबी करा फोन. मी भाईरच बसती." का, ते त्यांनी विचारलं, तेही सांगून टाकलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

दोन दिवसांनी आबा कापूरहोळला एसटी बदलून भोरला हजर. पायऱ्यांवर मला बघितलं, वहाणा काढल्या आणि थेट जिना चढले. मी मागून धावले. आता हे डोंगरातल्या आवाजात भांडणार आणि खुर्ची कायमची जाणार, अशी भीती वाटली.

मॅडमचं टेबल अभ्यासिकेच्या दाराशीच. आबा टेबलावर वाकले आणि त्यांचे ओठ हलले. दोन पावलांवर उभी असून मला काही ऐकू आलं नाही. जन्मात पहिल्यांदा.

मॅडमनाही आलं नसावं. त्या म्हणाल्या, "मामा, जरा मोठ्यानं बोला ना."

आबांनी आत माना खाली घालून बसलेल्यांकडे बोट केलं. मी अगदी जवळ गेले म्हणून मला ऐकू आलं.

"नगं. पोरं वाचत्यात."

मॅडमनी ड्रॉवर उघडून माझा पास टेबलावर ठेवला. मी खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि ओठ घट्ट मिटून वाचायला लागले. रडू आवरत नव्हतं, पण मी नाकसुद्धा ओढलं नाही. पोरं वाचत होती.