भुऱ्याचा पाय

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाखनीला दुकानाचं शटर उघडत होतो. भाचा प्रकाश एवढंच म्हणाला, "मामा, आई गेली..." शटर परत खाली ओढलं आणि करडीची वाट धरली. वच्छलाताई माझी थोरली बहीण. जिभेला धार, आणि माणसांपेक्षा कुत्र्यावर जीव जास्त. हे मी तिच्या तोंडावरही म्हणत असे.

तिचा भुऱ्या पिल्लू असताना मोटारसायकलखाली आला. पुढच्या पायातल्या दोन हाडांपैकी एकाची वाढ खुंटली, दुसरं वाढतच राहिलं, आणि पाय विळ्यासारखा वाकला. पायच काढून टाका, असं सगळे म्हणाले. ताईने त्याला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हाड कापून पायाभोवती धातूच्या कड्या बसवल्या आणि ताईच्या हाती छोटा पाना दिला. सकाळ-संध्याकाळ नट जरासा फिरवायचा, म्हणजे फटीत नवं हाड धरतं आणि पाय लांब होत सरळ येतो. घाई केली तर हाड धरत नाही, हयगय केली तर आधीच जुळून बसतं. मग पाय गेलाच म्हणायचा.

नेमकं त्याच दिवसांत माझ्या मुलीचं लग्न आलं. ताईने येत नाही म्हणून कळवलं. मी रागाने फोन केला.

"लगन माह्याबिगर लागन," ती म्हणाली. "याचा नट कोन फिरवन?"

"प्रकाश हाये ना घरी."

"त्याले उलटं-सुलटं समजत नाही. तुले बी नाही समजत."

ते मला लागलं, आणि बरेच दिवस लागून राहिलं. पुढे दिवाळीत करडीला गेलो, तर भुऱ्या चारही पायांवर धावत धानाच्या बांधीपर्यंत मला घ्यायला आला. त्या धावण्यापुढे राग धरून ठेवणं जमलं नाही. कड्या केव्हाच निघाल्या होत्या, तरी रोज सकाळी तो ओसरीवर आडवा होऊन पाय पुढे करायचा आणि ताई नुसता हवेत पाना फिरवायची. मी हसलो तर म्हणाली, "सवय लागली त्याले. कायले तोडू?"

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर आलो. भुऱ्या आडवा झाला होता, तो सरळ पाय पुढे करून. मी कोनाड्यातला पाना काढला, त्याच्याजवळ बसलो. नट नव्हताच, तरी हात अडला. कोणत्या बाजूला फिरवायचा, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं... भुऱ्या पाय तसाच धरून थांबला होता.