मामीचा चिखल

मामी पाण्यातून वर यायची ती भांडतच. डोकं पाण्याबाहेर आलं की माणूस आधी श्वास घेतो. मामी आधी शिवी द्यायची आणि मग श्वास घ्यायची. "कोन पाय झाडून राह्यली वो इतकी? तळाचा गाळ वर आनला सारा." घाटावरच्या बायका तोंडं फिरवायच्या. तिचं कोणाशी पटत नव्हतं, माझ्याशी तर मुळीच नाही.

आमचं गाव नागभीडजवळ, धानाच्या बांध्यांमध्ये. गावाला एक जुना तलाव. मालगुजारी नुकतीच गेली होती आणि तलाव सरकारजमा झाला होता, पण आम्हा ढिवरांना त्यानं काही फरक पडला नाही. पुरुष जाळी टाकत, बायका टोपल्या घेऊन मासळी विकत. आई गेल्यावर मी मामाकडे वाढले, म्हणजे खरं तर मामीच्या तोंडाखाली वाढले. उन्हाळ्यात कामं सरली की दुपारी बायका तलावाच्या बांधाजवळच्या घाटावर जमत आणि बुड्या मारत. त्यात कमाई काहीच नव्हती, मासळीसाठी जाळी होती. ती निव्वळ हौस होती, आणि बायकांच्या वाट्याला तेवढी एकच हौस आलेली होती.

या हौसेतही मामीची मतं जगावेगळी. सगळ्या उपाशीपोटी बुडी मारायच्या, ही भाकर खाऊन मारायची. सगळ्या नाक दाबायच्या, तर ही म्हणायची, "नाक दाबाचं हाये त घरी बसा, तिथी सासू हाये दाबाले." जोडीनं बुडी मारणं तिला आवडत नसे. उन्हाळ्यातलं कोमट पाणी तिला पाणीच वाटत नसे. खरी बुडी पौषातली, असं ती म्हणायची, आणि पौषात एकटी जाऊन कुडकुडत परत यायची. सगळ्यात मोठा वाद डोळ्यांचा. बाकीच्या डोळे उघडे ठेवून खाली जात. मामी डोळे मिटून जायची आणि मलाही मिटायला लावायची. "गढूळ पान्यात काय पाह्यते? हातानं पाह्य."

पण डोळे मिटणं बायकांना मानवणार कसं? खाली काय दिसलं, हे सांगण्यातच तर सगळी गंमत होती. आमचा तलाव भांडी देणारा. पूर्वी घरात लग्न निघालं की संध्याकाळी घाटावर हात जोडायचे, आणि सकाळी पायरीवर पंगतीपुरती भांडी आलेली असायची. लग्न झालं की ती पुन्हा पाण्यात सोडायची. मग कोण्या एका हावऱ्यानं एक पळी ठेवून घेतली आणि तलावानं देणं बंद केलं. भांडी मात्र तळाशी आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून जी बाई वर येईल तिनं काहीतरी पाहिलेलं असे. कोणाला परातीची कड, कोणाला झाकण. घाटावर जिचा शब्द चाले त्या गिरजाबाईला तर एकदा सोन्याचा उंबरठा दिसला होता, आणि दर उन्हाळ्यात तो थोडा थोडा लांब होत असे.

मामी वर यायची आणि म्हणायची, "चिखल."

"अजून काय?" कोणीतरी विचारायचं.

"थंडा चिखल. मले तोच आवडते."

हे एकदा म्हटलं असतं तर चाललं असतं. मामी रोज म्हणायची. गिरजाबाईचा उंबरठा रंगात आला की ही मधेच म्हणायची, "माह्या हाताले त नाई लागला." मला तिचा राग यायचा. चोरून डोळे उघडल्यावर मलाही एक तांब्या दिसला होता आणि मी तो मोठ्या हौसेनं सांगत होते. मामीनं चारचौघींत विचारलं, "तांब्यात काय होतं, गाळ का पानी?" सगळ्या हसल्या. दोन दिवस मी तिच्या हातचं जेवले नाही, आणि तिनं एकदाही विचारलं नाही.

मग एका वर्षी पावसानं दगा दिला आणि पुढच्या वैशाखात तलाव तळापर्यंत आटला. सगळं गाव तलावात उतरलं. पुरुषांनी फावडी चालवली. बांगड्यांचे तुकडे निघाले, एक मोडका फाळ निघाला, बाकी सगळा चिखल. आता तरी लोक मामीचं ऐकतील असं मला वाटलं होतं. उलट झालं. ती खरी ठरली, हेच कोणाला सोसवेना. संध्याकाळी गिरजाबाई बायका घेऊन आमच्या दारात आली.

"भांडी कुठी ठेवली?" ती म्हणाली. "खाली काई नाई, काई नाई करत होती. तूच काढून आनली असशील."

घरात मोठं भांडं एकच होतं, मामीच्या माहेरचा पितळी गुंड. माझ्या लग्नात तो आंदण द्यायचा हे ठरलेलं होतं. कधीतरी तो मामीनं मामाला फेकून मारला होता. मामा वाकला म्हणून वाचला, आणि उंबऱ्यावर आपटून गुंडाच्या काठाला खोल पोचा आला होता. गिरजाबाईनं गुंड उचलला, काठावरून हात फिरवला, पोच्यात अंगठा घालून पाहिला.

"हा कुठचा?"

"बापाच्या घरचा. नेम पाह्याचा हाये का माहा?" मामी म्हणाली.

गिरजाबाईनं गुंड खाली ठेवला. जाताना मात्र ती उंबऱ्यावरून मामीकडे वळली. "आता कोन बुडी मारन वो? चिखलासाठी?"

पावसाच्या तोंडावर गुंड घरातून नाहीसा झाला. मामानं विचारलं तर मामी म्हणाली, मोडीत दिला. मोडीचे पैसे कुठे गेले, हे विचारायची मामाची छाती नव्हती. मला मात्र मरणाचा राग आला. तो माझा गुंड होता. सासरी सांगायला माझ्याकडे दुसरं काय होतं?

त्या वर्षी तलाव भरला. पण पुढचा उन्हाळा आला तरी पाण्यात कोणी उतरेना. बायका पायरीवर बसून तांब्यानं अंगावर पाणी घ्यायच्या आणि घरी जायच्या. मामी एकटी बुडी मारायची, वर यायची, तोंड उघडायची, आणि भांडायला समोर कोणी नसायचं. मला तिची कीव यायला लागली होती आणि तेही मला आवडत नव्हतं.

माझं लग्न ठरलं होतं, वरोऱ्याकडे, कापसाच्या मुलखात. तिकडे पाणी म्हणजे विहीर. घाटावर सगळ्या बसलेल्या असताना एका दुपारी मामी मला म्हणाली, "जा, एक बुडी मारून ये. मंग काई भेटत नाई तुले पानी. पान्यातल्या त्या काळ्या धोंड्याच्या उजव्या अंगानं जा."

मी डोळे मिटून गेले. हात चिखलात रुतले. मग बोटांना गोल, गार कड लागली. कडेवरून हात फिरवला तर एका जागी खोल पोचा होता आणि त्यात माझा अंगठा नेमका बसला. आत धोंडे भरलेले होते. माझा श्वास संपत आला तरी तिथून हात काढवेना.

वर आले तेव्हा सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मामी मात्र लुगडं पिळत होती.

"भांडं हाये," मी म्हणाले. "हाताले लागलं."

"खोटी हाये," मामी कडाडली. "चिखल हाये खाली."

"तू चूप बस," म्हणत गिरजाबाई उठली. कासोटा खोचला आणि वर्षभरानं पाण्यात शिरली. बराच वेळ ती खाली होती. वर आली, केस मागे सारले आणि मामीकडे एकटक पाहत राहिली. तिला कळलं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. मग बाकीच्यांकडे वळून ती म्हणाली, "तलावाचंच हाये. कोनी काढू नोका."

बघता बघता घाट रिकामा झाला आणि पाणी बायकांनी भरून गेलं. मामी काठावर उभी राहून एकेकीला शिव्या देत होती. कोणी नाक दाबलं म्हणून, कोणी पाय झाडले म्हणून. इतक्या आनंदात मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं.

लग्नानंतर मी बैलगाडीत बसले. आंदणाची भांडी गाडीत ठेवली होती आणि ती फार नव्हती. मामी जवळ आली, कधी नव्हे ती हळू आवाजात बोलली.

"गुंडाचा राग नोको धरू, माय."

"कोन्ता गुंड?" मी म्हणाले. "खाली त चिखल हाये."

मामीनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले आणि ती त्यावरही चिडली.

"खोटी कुठची," ती म्हणाली, आणि बैल हाकायला उशीर करतो म्हणून गाडीवानाशी भांडायला लागली.