अक्कांच्या हातून पडलेली मूठ

त्या श्रावणात मी देवावर रुसलो होतो असं म्हणणंसुद्धा जास्तीचं होईल. रुसायला समोर कोणीतरी असावं लागतं, आणि मला तर समोर कोणी आहे असंच वाटेनासं झालं होतं. पत्नीला जाऊन तिसरं वर्ष चालू होतं. मूलबाळ नव्हतं. जळगावात भाड्याची एक खोली होती, पण महिन्यातले बरेच दिवस मी एसटीच्या बाकावरच काढायचो. एका शेठजींचा आयुर्वेदिक औषधांचा लहानसा कारखाना होता आणि मी त्यांचा फिरता विक्रेता होतो. पाचक चूर्ण, खोकल्याच्या गोळ्या आणि अंगात तरतरी आणणारं एक काळंशार आसव, एवढा माल पिशवीत घालून धुळे, साक्री, पिंपळनेर, शहादा असा फिरायचो. दुकानदार माझ्याकडे बघूनच माल घ्यायचे. इतकं फिरूनही हा गडी कधी आजारी पडत नाही, म्हणजे औषधात काहीतरी असणार, असा त्यांचा हिशेब. मीही तो मोडत नसे.

खरं सांगायचं तर औषधाचा त्यात काही वाटा नव्हता. मी प्रवासात प्रकृती फार जपायचो, एवढंच. एसटीत पुढच्या बाकावर बसायचं, कानाला रुमाल बांधायचा, मुक्कामाला पोचलो की पाय धुऊन तळव्यांना तेल चोळायचं. पाणी आपल्याच फिरकीच्या तांब्यातलं, तुरटी फिरवलेलं. पत्नी होती तोवर पिशवीत दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या आणि लसणाची चटणी असायची. रिकाम्या पोटी गाडीत बसू नका, हे तिचं एकच सांगणं, आणि ते ती दारापर्यंत येऊन पुन्हा सांगायची. मी म्हणायचो, अगं, मी जगाला पाचक विकतो, मला काय शिकवतेस? ती म्हणायची, विकता ना, खात तर नाही.

ती गेल्यावर दशम्या गेल्या. नियम मात्र राहिले, उलट वाढलेच. कोणाच्या घरचं खायचं नाही, कोणाच्या हातचं पाणी प्यायचं नाही. भुईमुगाच्या शेंगा, केळी आणि कुठे मिळाला तर चहा, यावर दिवस काढायचा. लोकांना मी सांगायचो की प्रवासात परक्या घरचं अन्न बाधतं. ओळखीचे दुकानदार मला खुशाल सोवळा म्हणून चिडवायचे. पण खरं कारण वेगळं होतं. आपल्याकडे ताटावर बसवलं की दुसऱ्या घासाला विचारतात, घरी कोण कोण असतं? त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागू नये म्हणून मी केळी सोलत एसटी स्टँडवर बसायचो.

आमच्याकडे खानदेशात श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर देवी मांडतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर बोळवण करतात. तिचा रोट असतो. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची एकेक भरगच्च मूठ मोजून टाकायची, गिरणी धुऊन घेऊन ते पीठ दळायचं आणि त्याच्या पोळ्या घरच्यांनीच खायच्या. भाऊबंदांच्या बाहेर रोटाचा तुकडाही जात नाही, आणि पौर्णिमेचा चंद्र उगवायच्या आत तो संपवावाच लागतो. उरला तर घराला चांगलं नाही असं मानतात. बायकांच्या नावाची मूठ नसते. माझ्या पत्नीचा वाटा माझ्याच मुठीत असायचा आणि त्यावरून ती मला दरवर्षी टोमणा मारायची. आमचा रोट अमळनेरला थोरल्या भावाकडे, दादाकडे असे. ती गेल्यापासून मी तिकडे गेलो नव्हतो. सगळं घर जोडीजोडीने ओवाळायला उभं राहणार आणि मी खांबाला टेकून बघत बसणार, हे मला नको होतं. म्हणून कानबाईच्या आठवड्यात मी मुद्दाम लांबचा दौरा काढायचो.

त्या वर्षीही साक्रीच्या पलीकडे गेलो. पावसाची झड लागली होती. शनिवारी भिजलो, रविवारी अंगात कणकण आली, आणि रात्रीतून पोट असं बिघडलं की अंगातलं सगळं पाणी गेलं. आधीचे कित्येक दिवस पोटात धड अन्न गेलेलं नव्हतं. पिशवीतलं पाचक घेतलं, आसवही प्यालो, आणि दुकानदारांना इतकी वर्षं काय विकत होतो ते त्या दिवशी नीट कळलं. सोमवारी सकाळी कसाबसा एका फाट्यावर येऊन बसलो. पुढच्या फरशी पुलावरून पाणी चाललं होतं, त्यामुळे धुळ्याची गाडी येणार की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मी लिंबाच्या बुंध्याला पाठ लावली. इथे डोळे मिटले तर शेठजी दुसरा माणूस नेमतील, खोलीचा मालक कुलूप तोडेल आणि त्यापलीकडे कुठेही काही हलणार नाही, हे मी अगदी शांतपणे मनात मोजलं. त्याचं वाईटही वाटलं नाही. तेव्हाची ती शांतता आठवली की आज मला भीती वाटते.

तेवढ्यात डफ वाजायला लागला. शेजारच्या गावातली कानबाई नदीवर निघाली होती. बाया डोक्यावर पाट घेऊन, गाणी म्हणत समोरून चालल्या होत्या. ज्या गोष्टीपासून पळून मी इथवर आलो होतो ती वाजतगाजत माझ्याच पुढ्यातून जात होती. मी तोंड फिरवलं. ते फिरवताना तोल गेला एवढंच आठवतं.

शुद्धीवर आलो तेव्हा मी कोणाच्या तरी ओट्यावर घोंगडीत गुंडाळलेला होतो. समोर सुरकुतलेल्या चेहऱ्याची एक म्हातारी बसली होती.

"डोया उघडा भाऊ," ती अहिराणीत म्हणाली. "पानी प्या."

त्या पाण्यात मीठ आणि गूळ होता. मी कोणाच्या हातचं पाणी पीत नाही, असं सांगायला तोंड उघडलं आणि तिने त्या उघड्या तोंडातच फुलपात्र लावलं. पुढचे दोन-तीन दिवस असेच गेले. गाव तिला अक्का म्हणायचं, मीही म्हणू लागलो. तिचे यजमान नाना थोडे लंगडत चालायचे आणि माझ्याशी फारसे बोलायचे नाहीत. मिरवणुकीच्या मागे हे दोघेच रेंगाळत चालले होते, त्यांनीच मला पाहिलं आणि बैलगाडी बोलावून घरी आणलं. अक्का आधी नुसतं पाणी देत होती, मग तांदळाची पेज, मग ताकात कुस्करलेला भात. पोट रिकामं ठेवून पडू नये, असं ती पुन्हा पुन्हा म्हणायची. ते ऐकलं की मी भिंतीकडे तोंड करायचो. घरात तिसरं माणूस दिसत नव्हतं. खुंटीवर एक मोठ्या मापाचा सदरा तेवढा होता, स्वच्छ धुतलेला.

एका दुपारी आत दोघांचं वाजलं. मी झोपलो असेन असं त्यांना वाटलं असावं.

"रोट बाहेरना मानूसले देतस का कोठे?" नाना म्हणत होते. "येड लागनं का तुले?"

"मंग कोन खाई? पुनीव उनी जवळ. तुमनं पोट तर कालदिन दुखी ऱ्हायनं."

"मूठ टाकतांना देखाले नही का?"

अक्का हळूच म्हणाली, "मी जानीसन टाकी का? हातमाईन पडनी. जेनी व्हई तो खाई."

थोड्या वेळाने ती ताट घेऊन बाहेर आली. ताटात दुधात भिजवलेल्या पिठाची पोळी होती आणि बाजूला गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. पोळी बघितल्याबरोबर मी ओळखली. कानबाईच्या घरात वाढलेल्या माणसाला ती ओळखायला सांगावं लागत नाही. मी उठून बसलो आणि म्हणालो, अक्का, हा रोट आहे, मी परका आहे, मला हे चालायचं नाही.

"व्हय, रोट शे," ती म्हणाली आणि ताट माझ्यापुढे ठेवून खाली बसली.

मग तिने सांगितलं. त्यांचा एकुलता एक आंडोर, म्हणजे मुलगा, शेतात साप चावून गेला होता. त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून रोटाला ती एकच मूठ टाकत आली, नानांच्या नावाची. या वर्षी गहू मोजायला बसली, नानांची मूठ टाकली, आणि हात पुन्हा डब्यात गेला आणि मुलाची मूठ टाकून मोकळा झाला. दळण झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. टाकलेली मूठ काढता येत नाही. मुलाच्या वाट्याला तिला हात लाववेना, आणि नाना तीन दिवस एकटेच दोघांचा रोट खाऊन बेजार झाले होते. मेलेल्या पोराच्या नावचा रोट उरणार, या धास्तीने त्या बाईला झोप नव्हती. हे सगळं तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं, आजच्या भाजीत मीठ जास्त पडलं असं सांगावं तसं.

सांगून झाल्यावर तिने तो प्रश्न विचारलाच. "भाऊ, तुना घरमा कोन कोन शे?"

"कोणी नाही," मी म्हणालो. तीन वर्षांत हे शब्द मी पहिल्यांदा उच्चारले.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "मंग तुनी मूठ कोन टाकस?"

मी रडलो. चांगला चाळिशीचा माणूस, परक्या ओट्यावर, ताटापुढे बसून लहान पोरासारखा रडलो. आतून नाना लंगडत आले, हातात तुपाची वाटी होती. ती त्यांनी माझ्या पोळीवर उपडी केली आणि म्हणाले, "खाय भाऊ. बठ्ठं खाय. उरू देऊ नको."

मी बठ्ठं, म्हणजे सगळं, खाल्लं. आजारातून उठलेल्या पोटाला तूपपोळी द्यायची नसते, हे मी कित्येक गिऱ्हाइकांना सांगितलेलं आहे. ती मला बाधली नाही. जेवण संपलं तेव्हा अक्काने रिकामं ताट उचललं, उजेडाकडे धरून बघितलं आणि देव्हाऱ्याकडे तोंड करून हात जोडले. त्या मुठीत कोणाचा हात होता, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला, आणि मग सोडून दिला. माझ्यासाठी ती टाकली गेली असं म्हणायला माझी जीभ धजत नाही, कारण ती पडली एका आईच्या दुःखातून. पण त्या मुठीवाचून त्या घरात मी परकाच राहिलो असतो आणि पेज पिऊन निघून गेलो असतो.

पाणी ओसरलं, गाडी सुरू झाली. निघताना अक्काने फडक्यात दशम्या बांधून दिल्या. त्या रोटाच्या नव्हेत, साध्या ज्वारीच्या, वाटेसाठी. रिकाम्या पोटी गाडीत बसू नको, असं ती फाट्यापर्यंत येऊन पुन्हा म्हणाली. धुळ्याला उतरलो. जळगावची गाडी उभी होती. तिच्या पायरीवर पाय ठेवला आणि अक्काचा प्रश्न आठवला. पाय मागे घेतला आणि अमळनेरच्या गाडीत जाऊन बसलो. वाटेत दशम्यांचं फडकं सोडलं आणि पुन्हा बांधून ठेवलं. तीन वर्षं न विचारता गैरहजर राहिलेल्या माणसाने कोणत्या तोंडाने दार वाजवावं, तेच मला सुचत नव्हतं. वहिनींनी साधं 'या' म्हटलं आणि वर काही विचारलं नाही, तरी पुष्कळ होईल असं वाटत होतं.

त्या दिवशी पौर्णिमा होती. दिवेलागण व्हायची होती. वहिनींनी दार उघडलं, मला बघितलं आणि दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. मग आत वळून म्हणाल्या, "अहो, भाऊजी आले."

दादा आतल्या खोलीत पलंगावर होता. फार वाळला होता. पोटाच्या दुखण्याने त्याला नुसत्या ताकावर ठेवलं होतं, आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी पाय धुऊन आत गेलो. वहिनी ताट वाढत होत्या. मी भीतभीत विचारलं, "वहिनी, माझ्या नावाची मूठ..."

"म्हणजे काय?" त्या ताटावरून मान वर न करता म्हणाल्या. "तुमची मूठ टाकली नाही असं एक वर्ष दाखवा. तुमचा वाटा हे खायचे. आपलं झालं की तुमच्या नावानं पुन्हा बसायचे. पहिल्या वर्षी तर खाताना डोळ्यांना धार होती. यंदा यांना पोळी सोसत नाही. यांचा वाटा पोरांनी संपवला. तुमच्या वाट्याला मी कोणाला हात लावू दिला नाही. सकाळपासून दाराकडे बघतेय."

दादाने पलंगावरून हात लांब करून पाट माझ्याकडे सरकवला.

मला कोणी मोजत नाही असं धरून मी दोन श्रावण एसटी स्टँडवर बसलो होतो, आणि इकडे माझा भाऊ दोघांच्या वाटचा रोट खात होता. मी प्रकृती जपायचो ती जगाला हात लावू न देता. खरी जपणूक दुसरीकडेच चालली होती, माझ्या नकळत, मी न मागता. शरण जाणं ही मोठी गोष्ट मला साधली असं मी म्हणणार नाही. वाढलेल्या ताटापुढे निमूट बसायचं आणि कोणी विचारलं तर खरं उत्तर द्यायचं, एवढं मात्र मी त्या आठवड्यात शिकलो, आणि पुढे दौऱ्यावर असताना तेवढं पाळलं. अक्का-नाना होते तोवर दर श्रावणात आधी त्यांच्याकडे जायचो. तिच्या रोटाला मग दोन मुठी पडायच्या, जाणूनबुजून.

त्या संध्याकाळी वहिनींनी वाढलेलं सगळं मी खाल्लं. शेवटी अर्धी पोळी उरली. पोट भरलं होतं आणि चंद्र उगवायला आला होता. वहिनी म्हणाल्या, होईल हळूहळू, घाई नाही. मला ठाऊक होतं ती अर्धी कोणाची ते. माझ्या मुठीत माझ्या पत्नीचा वाटा होता, आणि रोट टाकून चालत नाही. मी ती दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली आणि सावकाश खाल्ली.