पिवळं टाकू नका

आमच्या घरावर सर्वांत मोठे उपकार जिंतूरच्या सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरचाचांचे. निजामाच्या राज्यातली गोष्ट. औषधाची बाटली देताना चाचा प्रत्येकाला विचारायचे, "आज खाल्लं काय?"

ताईचं पहिलं बाळ गेलं होतं आणि ती पुन्हा गरोदर होती. आई तिला अंड्यातलं नुसतं पांढरं द्यायची. पिवळं उष्ण म्हणून कोंबड्यांपुढे टाकायची. एकदा आमच्या दारावरून जाताना चाचांनी ते पाहिलं.

"भाबी, पिल्लू अंड्यात कशावर वाढतं? ह्याच्यावरच ना?"

"लय गरम असतंय, भाऊ."

"असू द्या. टाकू नका."

चाचा उंबऱ्यावर बसले आणि ताईनं पिवळं संपवल्यावरच उठले. मग दवाखाना सुटला की ते रोज येऊन बसू लागले.

गरोदरपणी बाळाच्या वाढीसाठी कोलीन नावाचं पोषकद्रव्य पुरेसं लागतं आणि ते त्या पिवळ्यात भरपूर असतं, हे मी पदवीधर झाल्यावर पुष्कळ वर्षांनी वाचलं.

बाळंतपणाआधीच चाचांची बदली परभणीला झाली. मी त्यांना पत्र लिहिलं:

"चाचा, ताईला मुलगी झाली. रडणं चावडीपर्यंत ऐकू गेलं. आज आईनं अख्खं अंडं ताईच्या ताटात वाढलं आणि ते संपेपर्यंत ती उंबऱ्यावर तुमच्या जागी बसून राहिली."